सुईचा नकार

“पडद्यामागे जा, ब्लाउज काढा आणि हा गाऊन पुढून उघडा राहील असा घाला,” दवाखान्यातल्या मावशींनी माझ्या पत्नीच्या हातात फुलाफुलांचा गाऊन ठेवत सांगितले.

“मी नाही,” कुमुद म्हणाली. “हे.”

मावशींनी माझ्याकडे पाहिले, दारावरच्या पाटीकडे पाहिले, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. “साहेब बाहेर थांबतील. आत पुरुषमाणसांना परवानगी नाही.”

“रुग्णालाच तपासणीबाहेर ठेवणारा नियम आधी स्वतः तपासून घ्यायला हवा,” मी म्हणालो. “पाटीवर ‘स्तनविकार तपासणी’ एवढेच लिहिले आहे. कोणाच्या, हे लिहिलेले नाही.”

“अहो, गाऊन घाला,” कुमुद म्हणाली.

मी घातला. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या बायकांनी पदर सावरले. एकीने कुमुदला हळूच विचारले, “ताई, घाबरताय म्हणून हे आधी घालून दाखवतायत का?” कुमुद हो म्हणाली. तिच्या मते ते उत्तर सत्यापेक्षा सोपे होते.

सत्य असे होते की माझ्या छातीच्या डाव्या बाजूला, स्तनाग्राच्या मागे, एक गाठ आली होती. मी सांगलीच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो, आणि हा विकार पुरुषाला होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तपासणीसाठी सांगली सोडून मिरज गाठली. गावात माझे विद्यार्थी फार होते.

डॉक्टर शिंत्रे ही चष्मा कपाळावर सरकवून बोलणारी शांत बाई. तिने बोटांनी गाठ चाचपली, सोनोग्राफी करवली आणि एका बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घेतल्या. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तपासणीचे उत्तर आले होते.

“सुईत कर्करोगाच्या पेशी सापडलेल्या नाहीत,” ती म्हणाली.

“उत्तम. येतो आम्ही.”

“बसा, सर. माझ्या बोटांना गाठ कठीण लागते, आणि ती जागची हलत नाही. सोनोग्राफीत तिच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात. बोटं, चित्र आणि सुई, या तिघांचं एकमत झालं तरच आम्ही निवांत होतो. इथे सुई एकटी पडली आहे. म्हणून आता जाड सुईने छोटा तुकडाच काढून बघायचा.”

“सुईवर तुमचा विश्वास नव्हता, तर ती टोचलीत कशाला?”

“विश्वास आहे. ती ‘आहे’ म्हणाली, तर जवळजवळ नेहमीच खरं असतं. ‘नाही’ म्हणाली, तर विचारावं लागतं की ती नेमकी कुठे गेली आणि तिच्या हाती काय लागलं.”

“म्हणजे साक्षीदार एकच. तो तुमच्या बाजूने बोलला तर सत्यवादी, आणि माझ्या बाजूने बोलला तर संशयित?”

“तो तुमच्या बाजूने बोललेलाच नाही, सर. मी जिथे पाहिलं तिथे कोणी नव्हतं, एवढंच तो म्हणतोय.”

वाक्य निर्दोष होते. म्हणूनच मला त्याचा राग आला. मी उठलो, दार उघडले आणि बाहेरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले की एकदा नकार दिलेल्या सुईला, ती होकार देईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणे हे न्यायाला धरून नाही, आणि मी दुसरी सुई टोचू देणार नाही. “टोचू देणार नाही” म्हणजे कोणाला, हे मी सांगितले नाही, आणि सगळ्या बायका कुमुदकडे अपार करुणेने पाहू लागल्या.

परतीच्या एसटीत कुमुदने आधी तिकिटे काढली. मग म्हणाली, “तुम्ही घाबरलायत.”

“भीती हा युक्तिवाद नव्हे.”

“मग दुसरी सुई कधी?”

“मी भूमिका जाहीर केली आहे. जाहीर केलेली भूमिका मी खंडन झाल्याशिवाय सोडत नाही, हे तुला लग्नापासून माहीत आहे.”

“म्हणजे तुम्हाला कोणीतरी हरवल्याशिवाय तुम्ही येणार नाही?”

“नाही.”

तिने खिडकीबाहेर पाहिले. “मग मगदूम भाऊजींना सांगा हरवायला. तेवढ्यासाठी मरू नका.”

आमच्या वादसभेविषयी इथे सांगणे भाग आहे. गणपती पेठेत, नेमगोंडा मगदूमच्या धान्याच्या अडतीच्या माडीवर, दर रविवारी सकाळी आम्ही काही समवयस्क जमत असू. एकाने पक्ष मांडायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, आणि निवृत्त न्यायाधीश इनामदारांनी निर्णय द्यायचा. इतर सभांहून आमची सभा एकाच बाबतीत वेगळी होती. निर्णय सभासदांना पाळावा लागे. दुपारची झोप बुद्धीला घातक आहे असे एकदा ठरले, तेव्हापासून मगदूम जेवणानंतर गादीवर ताठ बसून, डोळे उघडे ठेवून घोरत असे. ताकात साखर घालणे असमर्थनीय आहे हे सिद्ध झाल्यावर इनामदारांनी आपल्या घरातल्या सुनेशी वर्षभर वैर धरले होते. निर्णय झालेला विषय पुन्हा काढता येत नसे. मूर्खपणा होता, पण तो नियमबद्ध होता, आणि त्याचा आम्हांला अभिमान होता.

मगदूम जैन. शाळेनंतर वडिलांच्या गादीवर बसला, आणि ग्राहक नसताना न्यायशास्त्राचे ग्रंथ वाचत राहिला. मला हरवू शकणारा तो सांगलीतला एकमेव माणूस होता. त्याच्या विद्वत्तेविषयी मला जो आदर होता, तो मी त्याला कधी कळू दिला नव्हता.

रविवारी मी विषय मांडला: सुईने नकार दिल्यावर दुसरी सुई टोचावी काय? प्रकरण एका परिचित कुटुंबातले आहे, गाठ छातीची आहे, एवढेच सांगितले. माझ्यासोबत कुमुदला मिरजेला कोणीतरी पाहिले असणार, कारण इनामदारांनी चष्मा काढून पुसला आणि एका सभासदाने विनाकारण माझ्या पाठीवरून हात फिरवला. परिचित कुटुंब कोणते आणि त्यातली रुग्ण कोण, हे सर्वांनी ठरवून टाकले होते. मी तो गैरसमज दूर केला नाही. चौकात उभे राहून ‘मला स्तनाची गाठ आहे’ म्हणण्यापेक्षा तो बरा वाटला.

“टोचू नये, हा माझा पक्ष,” मी म्हणालो. “खंडन मगदूमने करावे.”

मला हरायचे होते. हे आता सांगायला हरकत नाही. एसटीतून उतरल्यापासून मी रोज आंघोळीच्या वेळी गाठीवर बोट ठेवत होतो, आणि माझ्या बोटाचे मत डॉक्टर शिंत्रेच्या बोटांसारखेच होते. मला फक्त मानाने शरण जायचे होते, आणि त्यासाठी समोर मगदूमसारखा योद्धा हवा होता.

मी पक्ष मांडला, आणि त्यात जाणूनबुजून एक भगदाड ठेवले. “सुईला काही आढळले नाही,” मी म्हणालो. “न आढळणे हा अभावाचा पुरावा आहे.”

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही उडी मारली असती. जे असते तर दिसलेच असते, त्याच्याच न दिसण्याला पुराव्याचे मोल असते. याला शास्त्रात योग्यानुपलब्धी म्हणतात, आणि त्यावर मगदूम अर्धा तास बोलू शकत असे. मी त्याच्याकडे आशेने पाहिले.

मगदूम उठला. घसा साफ केला. “सुई टोचली की दुखतं,” तो म्हणाला, “पण दुखलं तरी टोचावी.” आणि खाली बसला.

“एवढेच?” इनामदारांनी विचारले.

“एवढंच.”

मी गोंधळलो. मी त्याला वाट करून दिली. “कदाचित माझ्या विद्वान मित्राला असे म्हणायचे असेल की सुई गाठीत एकाच जागी जाते, आणि बाकीची गाठ अस्पर्शित राहते?”

“छे, छे,” मगदूम म्हणाला. “तसं काय म्हणायचं नव्हतं.”

“तू स्वतः धान्याच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढतोस. वरून चार दाणे चांगले निघाले म्हणून पोते घेतोस काय?”

“पोती वेगळी, माणसं वेगळी. खांबेटे, दृष्टान्त चुकला तुझा.”

“पण चुकला कसा, ते तरी सांग!”

“चुकला म्हंजे चुकला. अध्यक्ष महाराज, त्याचं बरोबर हाय. सुई शिकलेल्या माणसानं टोचलीय, ती नाही म्हणत्येय, तर नाही. घरी जावं, देवाचं नाव घ्यावं.”

मी संतापलो. जन्मभर मला एका शब्दावरून अडवणारा माणूस आज माझ्यासमोर मेंढरासारखा मान डोलवत होता. संतापात मी आणखी बोललो, आणि संतापात मी नेहमीच चांगला बोलतो. इनामदारांनी निर्णय दिला: पक्ष सिद्ध, दुसरी सुई टोचू नये. सर्वांनी माझे अभिनंदन केले. मगदूमने मला मिठी मारली. त्याचे डोळे ओले होते, आणि मला वाटले की याचे वय झाले.

घरी आल्यावर कुमुदने विचारले, “हरलात?”

“जिंकलो.”

ती पोळपाटापाशी तशीच बसली. तव्यावरची पोळी करपली. “मगदूम भाऊजींना एवढंसुद्धा जमलं नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी राहिली. मगदूम धोतर सावरत उतरला; मागे त्याची पत्नी पद्माक्का, हातात डब्यांची चळत. तो मला ओलांडून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

“वहिनी, चला. ही सोबत हाय, मिरजेच्या दवाखान्यात फोन करून खांबेट्यांच्या नावानं वेळ घेतलीय. दुसरी सुई आज करून टाकायची.”

“मगदूम,” मी म्हणालो, “काल निर्णय झाला आहे.”

“झालाय की. सभासदांना लागू. वहिनी कुठं सभासद हायत?” त्याने माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. “तुझा चेहरा बघितला मी काल. म्हटलं, याला आज जिंकू द्यावं. घरी बायको आजारी, त्यात मी याला सगळ्यांसमोर चीत करू? सुईचा नकार खोटा असू शकतो हे मी तुला तुझ्या तोंडावर सिद्ध करू? बोलता बोलता जीभ चावली मी, लेका. पोत्याचा दृष्टान्त तू काढलास तेव्हा तर रडायला आलं. तुला दिलासा द्यायचा, आणि वहिनींना गुपचूप घेऊन जायचं, असं ठरवून आलो होतो.”

कुमुदने डब्यांची चळत पद्माक्कांच्या हातून घेतली, ओट्यावर ठेवली आणि पदराला हात पुसले.

“भाऊजी,” ती म्हणाली, “गाठ मला नाही. यांना आहे.”

मगदूम हसला. मग त्याचे हसणे थांबले. “कुठं?”

मी सदऱ्याची गुंडी सोडली. त्याने बोट पुढे केले, लाजला, मागे घेतले, आणि मग पोत्यातला दाणा पाहावा तसे अंगठ्याने दाबून पाहिले. बराच वेळ तो अंगठा तिथेच होता.

“गाढवा,” तो म्हणाला. “जीपमध्ये बस.”

“बसता येणार नाही. मी सभासद आहे. निर्णय मला बांधतो.”

“मी मुद्दाम हरलोय!”

“निर्णय युक्तिवादावर होतो, हेतूवर नव्हे. आणि विषय पुन्हा काढता येत नाही. नियम तूच लिहिला आहेस.”

हे मी का म्हणत होतो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला जायचे होते. पाय दाराकडे वळले होते. पण तोंड आपल्या सवयीने चालत राहिले, आणि कुमुद माझ्याकडे अशी पाहत होती की जणू आता ती मला लाटण्याने हाणणार.

मगदूम खाली बसला. डोके दोन्ही हातांत धरले. पद्माक्का म्हणाल्या, “अवं, माणूस मरायलाय आणि तुम्ही कसला नियम बघायलाय?”

“गप गं. नियमच बघू दे.” तो उठला. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला, रविवारचा, खरा. “खांबेटे, मी सभेचा चिटणीस. सभासदाला काढायचा अधिकार कुणाला?”

“चिटणिसाला. पण कारण लागते.”

“आपल्या अंगावरचा विषय दुसऱ्याच्या अंगावर घालून सभेपुढं ठेवलास. अध्यक्षांची दिशाभूल केलीस. हे कारण पुरं हाय का?”

मी विचार केला. कारण पुरे होते.

“बचावाची संधी द्यावी लागेल,” मी म्हणालो.

“दिली. बोल.”

मी तोंड उघडले. कुमुदने खरोखरच लाटणे उचलले. मी तोंड मिटले.

“तुझं सभासदत्व रद्द,” मगदूम म्हणाला. “आता तू कोणीही नाहीस. आता तुला सुई टोचायला काय हरकत?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि सदऱ्याची गुंडी न लावताच जीपमध्ये बसलो.

वाटेत तो एका क्षणाचीही विश्रांती न घेता बोलत राहिला. काल गिळलेले सगळे मुद्दे त्याने मिरजेपर्यंत माझ्यावर रचले: योग्यानुपलब्धी, पोती, अंधाऱ्या खोलीत एकाच कोपऱ्यात कंदील नेणारा माणूस. मी प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत होतो आणि प्रत्येक उत्तर तो फोडत होता. अर्ध्या वाटेवर मी उत्तरे देणे थांबवले. इतका सुंदर हरण्याचा योग मला आयुष्यात पुन्हा आला नाही.

बधीर केलेल्या गाठीतून जाड सुईने तुकडे काढताना बंदुकीच्या चापासारखा आवाज होतो. डॉक्टर शिंत्रे सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत होती. “आता गाठीच्या आत आहोत, सर. बोलू नका, छाती हलते.” बायकांच्या बाकांवर, बाहेर, मगदूम कुमुद आणि पद्माक्कांच्या मध्ये बसला होता, आणि त्याला परवानगी नाही हे मावशींनी त्याला सांगून झाले होते.

उत्तर आले त्या दिवशीही तो आमच्याबरोबर आत घुसला. डॉक्टर शिंत्रेने चष्मा कपाळावर न सरकवता सांगितले, “कर्करोग आहे. लहान आहे, वेळेत सापडला. ऑपरेशन करायचं.”

कुमुदने माझा हात धरला. मी काही म्हणण्याआधी मगदूम खुर्ची मागे लोटून उभा राहिला.

“थांबा, थांबा. एका सुईनं नाही म्हटलंय, एका सुईनं हो म्हटलंय. बरोबरी झाली. तिसरी टोचा.”

“काका, तशी बरोबरी नसते,” डॉक्टर म्हणाली.

“का नसते? प्रयोगशाळेत बाटल्या बदलल्या असतील. काच घाण असेल. बघणाऱ्याला चष्मा लागला असेल. सुईवर एवढा विश्वास कशासाठी? मागच्या खेपेला हीच सुई...”

“ती वेगळी होती, मगदूम,” मी म्हणालो.

“वेगळी कशी? सुई ती सुई!” त्याचा आवाज चढला. “तूच म्हणायचास, माणसं चुकतात! मग हो म्हणताना चुकत नाहीत व्हय?”

आयुष्यात पहिल्यांदा त्याचा युक्तिवाद खरोखर दुबळा होता. तो मुद्दाम दुबळा केलेला नव्हता. जो माणूस जीपमध्ये मला पुरून उरला होता, तो आता एकेक फुसका मुद्दा हातात घेऊन माझ्या आजारपणाच्या वाटेत आडवा उभा होता.

“नेमू,” मी म्हणालो. या नावाने मी त्याला कधी हाक मारली नव्हती. “जे सापडले नाही, ते नसेलच असे नाही. जे सापडले, ते होते म्हणूनच सापडले. बस.”

“तुला वाद घालायचा अधिकार नाही,” तो म्हणाला. “तू सभासद नाहीस.”

“नाही.”

“मग गप बस.”

मी गप्प बसलो. तोही बसला. डॉक्टर शिंत्रेने पुढच्या गुरुवारची वेळ सुचवली आणि विचारले, “कोणाची काही हरकत?”

कुमुदने नकारार्थी मान हलवली. मीही हलवली.

“माझी हाय,” मगदूम भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “पण धरा गुरुवार.”